टिल्लीची रवानगी

केळशी, ता. दापोली, जि. रत्नागिरी
९ डिसेंबर १९८४

चि. भालचंद्रराव यांस तुळसाबाईचा आशीर्वाद.

तुमचं पत्र घेऊन पोस्टमन आला तेव्हा मी अंगणात डिंक आणि सुंठ वाळत घालत होते. राहीच्या लाडवांसाठीच. तिकडे जाणारं कुणी मुंबईत भेटलं की माझ्या पुतण्याकरवी, महिपतकरवी पाठवायचे ठरवले होते. विलायती पाकीट बघून मी पोस्टमनला म्हटलं, "बस रे, गोड बातमी हाय, चहा घेऊन जा." तो बसला. मी पत्र वाचलं. चहा तेवढा दिला.

मुलगा होता की मुलगी, ते तुम्ही लिहिलं नाहीत. 'दुर्दैवाने' लिहिलंत, 'डॉक्टरांनी शर्थ केली' लिहिलंत. आजीला एवढं कळवायला काय हरकत होती?

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझं तसं झालं, माझ्या आईचं झालं. सातव्यात पाठवून द्या म्हणून मी पत्रांवर पत्रं टाकली. तुमचं उत्तर आलं, "आई, केळशीत काय आहे? इथे यंत्रं आहेत." ती यंत्रं त्या दिवशी काय करत होती, ते जरा विचारून कळवा. तुम्ही रत्नागिरी शहरातले, शिकलेले, मी अडाणी बाई. पण या गावात निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली आहेत, जावईबापू.

आता राहीला पाठवून द्या. मला दुसरं काही नको. टिल्ली अजून संध्याकाळची एस. टी. आली की फाटकाशी जाऊन बसते. पोर लग्न होऊन गेली त्याला दोन वर्षं झाली, पण ह्या कुत्रीला कोण समजावणार? एस. टी. रिकामी गेली की माझ्याकडे अशी बघते, जशी मीच तिला लपवून ठेवलीय.

तुळसाबाई

*

लेस्टर, इंग्लंड
२७ डिसेंबर १९८४

ती. गं. भा. आईंस भालचंद्रचा साष्टांग नमस्कार.

मुलगी होती. मी तिला पाहिलं, राहीने नाही. राही शुद्धीवर यायच्या आत नर्स बाळाला घेऊन गेली. आईने तोंड पाहिलं नाही की दुःख लवकर विसरतं, असं इथे समजतात. माझ्यापुढे कागद ठेवला आणि मी सही केली. आता राही विचारते, कशी होती, केस होते का. मी सांगतो, पण मला नीट सांगता येत नाही, आणि तिला वाटतं मी पाहिलंच नाही.

तुम्ही लिहिलंत ते सगळं मला लागू आहे. मी वाद घालणार नाही.

पण ती यायला तयार नाही. मी तिकिटाची चौकशी करून आलो तर म्हणाली, "रिकामी ओटी घेऊन केळशीत शिरू? बायका काय विचारतील?" ती जेवत नाही. अंगात कोट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून असते. मला मोज्यांच्या गिरणीत रात्रपाळी आहे. सकाळी येतो तेव्हा ती त्याच खुर्चीवर असते. डॉक्टरांच्या गोळ्या कुंडीतल्या मातीत पुरलेल्या सापडल्या.

गेल्या आठवड्यात ती आपण होऊन एकच वाक्य बोलली, "टिल्ली आत्ता काय करत असेल?"

मी सुट्टी घेऊन चौकशी केली. कुत्रं इथे आणता येतं. पण या देशात कुत्री पिसाळत नाहीत, म्हणून बाहेरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने सरकारमान्य कोंडवाड्यात ठेवतात. मालकाला तिथे जाऊन भेटता येतं. सहा महिने ऐकून ती हिरमुसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "ठेवू देत की. मी रोज जाईन." आणि उठली, आणि चहा केला. महिन्याभरात तिने केलेला तो पहिला चहा. साखर घालायला विसरली होती, पण मी तसाच प्यालो.

आई, टिल्ली द्याल का?

भालचंद्र

*

केळशी
११ जानेवारी १९८५

चि. भालचंद्रराव यांस आशीर्वाद.

पत्र वाचून पहिल्याने वाटलं, जावयाचं डोकं फिरलं. केळशीतून माणसं कुवेतला गेली, मस्कतला गेली, बोटीवर चढून कुठे कुठे गेली. कुत्रं परदेशी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. मोहल्ल्यातली फातिमा नारळ न्यायला आली होती, तिला सांगितलं. ती पोट धरून हसली. "बाय गो, माजा घरवाला मना तीन वर्सं कुवेतला बोलवत नाय, नि तुजी कुतरी चालली विलायतेला!" हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि मग आम्ही दोघी पडवीत बसून रडलो. आमच्यात बसून टिल्लीने फातिमाची चप्पल चावली.

राहीने चहा केला, एवढंच मी त्या पत्रात पुन्हा पुन्हा वाचते. माझ्या पोटच्या पोरीला उठवायला मी पुरले नाही आणि ही टीचभर कुत्री पुरली, याचा राग येतो म्हटलं तर येतो. पण माझ्या रागाला कोण विचारतं? नेत असाल तर न्या.

दापोलीला गुरांच्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोचून आणली. कागदावर लिहायला त्यांनी जात विचारली. मी म्हटलं, केळशीची. ते हसले आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलं.

एक मात्र ऐका. चैत्र लागू द्या. महिपत सांगतो तुमच्याकडे बर्फ पडतं. ही आमची वाळूत लोळणारी, अंगावर केस म्हणाल तर उंदराएवढे. थंडी सरू द्या, मग न्या. तुम्ही एकदा माझं ऐकलं नाहीत. या वेळी ऐका.

तुळसाबाई

*

लेस्टर
२२ जानेवारी १९८५

ती. आईंस साष्टांग नमस्कार.

चैत्रापर्यंत थांबता येणार नाही. मागच्या सोमवारी सकाळी मी कामावरून आलो तेव्हा राही मागच्या अंगणात बर्फात अनवाणी उभी होती. किती वेळ उभी होती ते तिला सांगता आलं नाही. बाकीचं पत्रात लिहीत नाही. आता शेजारची बाई रात्री तिच्याजवळ झोपते.

परवान्याचे कागद महिपतच्या पत्त्यावर पाठवले आहेत. कोंडवाड्यात जागा मिळाली आहे. इथल्या विमानतळावर एजंट टिल्लीला उतरवून घेईल. ती विमानात सामानाच्या भागात असेल, तिथे ऊब असते असं त्याने मला सांगितलं आहे. पेटी लाकडी हवी, आत तिला उभं राहता आणि वळता यायला हवं. एजंटने एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली आहे, ती नीट लक्षात ठेवा: झोपेचं औषध, गोळी, इंजेक्शन काहीही द्यायचं नाही. औषधाने जनावर विमानात दगावतं.

आई, मला रागावा, पण तिला पाठवा.

भालचंद्र

*

लेस्टर
२ फेब्रुवारी १९८५

प्रिय आईस,

पत्र लिहिलं नाही म्हणून रागावली असशील. पेन हातात घेतलं की काय लिहायचं ते आठवत नसे.

आज ह्यांच्याबरोबर बसने जाऊन टिल्लीची जागा बघून आले. गावाबाहेर आहे. लांब चाळ, प्रत्येकाला वेगळी खोली, पुढे जाळी आणि छोटं अंगण. टिल्लीची खोली शेवटून दुसरी. शेजारी एक म्हातारं कुत्रं आहे, हाँगकाँगहून आलेलं. तिथल्या बाईने मला किल्ली लावून आत नेलं आणि म्हणाली, हवं तर आत बसत जा तिच्यापाशी. खाली सिमेंट आहे, म्हणून मी तिच्यासाठी गोधडी शिवते आहे. माझी ती हिरवी साडी आठवते? तिचीच. तिला वास कळेल ना गं माझा? दोन वर्षं झाली.

मी जेवते. काल वरणभात केला. हे उगाच माझ्याकडे बघत बसले होते, मी म्हटलं जेवा.

आई, त्या खोलीतल्या पाळण्याचं ह्यांनी काय केलं मी विचारलं नाही. टिल्ली आल्यावर विचारीन.

तिच्या गळ्यात काळा दोरा बांध. दृष्ट लागायला नको.

तुझी
राही

*

केळशी
२१ फेब्रुवारी १९८५

चि. भालचंद्रराव व चि. राही यांस अनेक आशीर्वाद.

'टिल्ली पोचली' ही तुमची तार महिपतने मला दाखवली आणि मगच मी मुंबईहून निघाले. काल घरी आले. अंगण खायला उठलंय. एस. टी. चा आवाज आला की आता मीच फाटकाकडे बघते.

सगळं सविस्तर सांगते, राहीला वाचून दाखवा. पेटी सखाराम सुताराने केली, आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या काढून. एका बाजूला 'हापूस' लिहिलेलं तसंच राहिलंय, ते बघून तिथल्या साहेबांना काय वाटलं असेल देव जाणे. एस. टी. त कंडक्टर अडून बसला. "बाय, कुतरा नाय घेनार गाडीत." मी म्हटलं, "कुतरा नाय हो, लंडनची पॅशिंजर हाय. आज हितं बसते, उद्या इमानात." सगळी गाडी हसली. मग त्यानेच मागच्या बाकड्यावर जागा करून दिली आणि महाडला तिला पाणी आणून पाजलं.

माझगावात महिपतच्या खोलीवर ती थरथर कापायला लागली. गाड्यांचा आवाज, माणसांचा गलका. कधी दापोलीपलीकडे गेलेली नाही बिचारी. महिपत म्हणाला, "काकी, एक गोळी आणतो, गप पडंल." मी त्याच्यावर ओरडले. जावयाने बजावलंय, औषध नाही म्हणजे नाही. त्याला खाली जाऊसुद्धा दिलं नाही.

नुसतं आपल्या आगरातलं जायफळ दिलं. मी निघतानाच चार बरोबर घेतली होती. तान्ह्या पोरांना सहाणेवर दोन वळसे उगाळून देते, पण इथे सातासमुद्रापारचा प्रवास, तेवढ्याने काय होणार? म्हणून अख्खं जायफळ किसून पेढ्यात कालवलं. पेढा तिचा जीव की प्राण. एक खोलीवर दिला आणि एक तसाच विमानतळाच्या गोदामात, तिला आत नेण्याआधी, कारण विमानाला उशीर होता आणि ती पुन्हा रडायला लागली होती. मग हळूहळू डोळे जड झाले आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. लहान बाळ झोपावं तशी. राही, तुला वाईट वाटेल, पण लिहिते. तेव्हा मला वाटलं, नात माझ्या मांडीवर अशीच झोपली असती. मी तिला थोपटत होते आणि तिथला हमाल म्हणाला, "चला आजीबाय, द्या आता."

मी दिली. काळा दोरा बांधला आहे. तुम्हांला भेटली का, तुला ओळखलं का, सगळं लगेच कळवा.

तुळसाबाई

*

लेस्टर
७ मार्च १९८५

ती. आईंस साष्टांग नमस्कार.

टिल्ली गेली.

तार केली त्याच दिवशी ती पोचली होती, ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. ती आजारी होती आणि त्याच संध्याकाळी गेली. मी तुम्हांला लगेच लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही. राहीची तब्येत पुन्हा बिघडली. तिला काही दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं, आता घरी आणली आहे.

थंडी बाधली. विमानाला उशीर झाला, उतरल्यावर पेटी बराच वेळ उघड्यावर राहिली असावी. तुम्ही चैत्रापर्यंत थांबा म्हणाला होतात. मी थांबलो नाही. राही मला हेच म्हणते आणि ते बरोबर आहे.

तुमचं २१ तारखेचं पत्र परवा आलं. ते मी राहीला दाखवलेलं नाही. पेढ्याबद्दल, तिला मांडीवर झोपवल्याबद्दल तिला वेगळं काही लिहू नका. तिला सहन होणार नाही.

भालचंद्र

*

केळशी
१९ मार्च १९८५

भालचंद्रराव,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

माझ्या नातीला तुम्ही परक्या बायकांच्या हाती दिलंत, कारण तुम्हांला यंत्रं हवी होती. माझ्या दारातलं मुकं जनावर तुम्ही बर्फात मारलंत, कारण तुम्हांला महिनाभर थांबता आलं नाही. दोन्ही वेळा मी आधी सांगितलं होतं. दोन्ही वेळा सही तुमची. खाटीकसुद्धा एकदा विचार करतो हो.

शेजारपाजारच्या बाया विचारतात, टिल्ली विलायतेत कशी आहे? मी म्हणते, मजेत आहे. आणखी काय सांगू?

माझी लेक तेवढी शिल्लक आहे. ती मला परत करा. आता तिची ओटी रिकामी आहे की भरलेली, ते मी बघून घेईन. फाटकात कोण काय विचारतं ते मी बघते.

तुळसाबाई

*

लेस्टर
३ एप्रिल १९८५

ती. आईंस साष्टांग नमस्कार.

राही येते आहे. ती स्वतःहून तयार झाली. पंधरा तारखेला सकाळी मुंबईत पोचेल. महिपतला न्यायला पाठवा.

ती माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत आलो की ती दुसऱ्या खोलीत जाते. पाळण्याचं काय केलं ते तिने विचारलं. मी तो चर्चच्या बायकांना देऊन टाकला होता. तेव्हापासून तर एक शब्द नाही. म्हणून काही गोष्टी तुम्हांलाच लिहितो. ती एका वेळी भरपूर खात नाही, पुढ्यात थोडं थोडं ठेवावं लागतं. भाताचा पहिला घास घेते, मग विसरते. आठवण करून दिली तर पुन्हा घेते. विहिरीवर तिला एकटी पाठवू नका. हे विसरू नका.

ती परत येईल असं मी धरून चाललेलो नाही.

भालचंद्र

*

केळशी
२९ एप्रिल १९८५

चि. भालचंद्रराव यांस,

राही पोचली. अंगावर हाडं तेवढी उरली आहेत. पहिले आठ-दहा दिवस नुसती पडून होती. मी काही विचारलं नाही. बायका आल्या, बसल्या, कुणी काही विचारलं नाही. फातिमाने आपल्या हातची शेवयांची खीर आणून दिली आणि तशीच परत गेली.

परवा मी पडवीत विळीवर नारळ खवत होते आणि राही आपणहून येऊन बसली. मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही मला 'थंडी बाधली' एवढंच कळवलंत. तिने जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं.

म्हणाली, टिल्ली उभी राहत होती आणि पडत होती. डोळे सताड उघडे, बुबुळं मोठी, पण ओळख नाही. तोंड कोरडं ठक्क, जीभ टाळ्याला चिकटलेली. काळीज इतकं उडत होतं की फासळ्यांवरून दिसत होतं. पिसाळली असेल या भीतीने त्या लोकांनी राहीला आत जाऊ दिलं नाही. किल्ली होती तरी दिली नाही. ती जाळीला धरून हाका मारत होती. शिवलेली गोधडी हातात तशीच. "आई, बाळाला हात लावू दिला नाही, नि टिल्लीलाही नाही," असं म्हणाली. डॉक्टरने तिला विचारलं, काही खायला दिलं होतं का? ही म्हणाली, छे, माझ्या आईला बजावलं होतं, ती काही देणार नाही.

विळी माझ्या हाताखालीच होती. बोट कापलं ते मला नंतर कळलं.

मागे एकदा गावातल्या गोदाच्या धाकट्याला तिच्या सासूने रडतो म्हणून भरमसाट जायफळ चाटवलं होतं. डोळे असेच. जीभ अशीच कोरडी. काळीज असंच उडत होतं. तो पोरगा माझ्याकडे आणला, मी दिवसभर मांडीवर धरून वाचवला, आणि त्या म्हातारीला चारचौघांत नाही नाही ते बोलले. जायफळ किती द्यायचं हे गावाला मी शिकवलं.

मी तुमचं मार्चमधलं पत्र काढून पुन्हा वाचलं. पेढ्याचं राहीला लिहू नका, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा मला वाटलं, तिला रडू येईल म्हणून. आता खरं सांगा. तुम्हांला ठाऊक होतं?

काल राधी आपलं तान्हं घेऊन आली, गुटी द्या म्हणाली. मी म्हटलं, माझे हात कापतात आता, दुसरीकडे जा.

तुळसाबाई

*

लेस्टर
१२ मे १९८५

ती. आईंस साष्टांग नमस्कार.

होय, ठाऊक होतं. पण टिल्ली गेली तेव्हा नव्हतं. तुमचं ते पत्र आलं तेव्हा कळलं.

मला जायफळाला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं. मी दुकानात मसाल्यांच्या बाटल्या उघडून वास घेत उभा राहिलो. दुकानदाराला वाटलं मी काहीतरी चोरतोय. शेवटी एक बाटली ओळखली, विकत घेतली आणि ती घेऊन कोंडवाड्याच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी बाटली बघितली आणि किती दिलं ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, माणसाच्या पोराला थोडं चालतं, कुत्र्याला विष. एवढ्या लहान कुत्र्याला तर फारच. मी पत्र तिथेच फाडून टाकलं.

आई, तुम्ही औषध दिलं नाहीत. मी लिहिलं होतं औषध देऊ नका, आणि तुम्ही अक्षरशः पाळलंत. महिपतला खाली जाऊ दिलं नाहीत. आपल्याकडे जायफळाला कोण औषध म्हणतं? माझ्या आईनेही मला दिलंच असेल. ते लिहायचं मला सुचायला हवं होतं, सुचलं नाही.

तुम्ही राहीला सांगणार आहात, हे मी तुमच्या अक्षरावरून ओळखलं. सांगू नका. मी पाया पडतो. बाळ गेलं त्याला मी जबाबदार आहे असं तिला वाटतं, आणि ते मलाही वाटतं. त्या ओझ्यात हे आणखी थोडं मावेल. पण तुम्हीही तिच्या हातून सुटलात तर तिला धरायला काय राहील? इथे असताना मी दार उघडलं की तिच्या तोंडावर काय येतं ते मी पाहिलं आहे. ते तुमच्याकडे बघून तिच्या तोंडावर आलेलं मला नको आहे.

मला ती परत मिळावी म्हणून तुम्ही सांगाल, असा विचार तुमच्या मनात असेल. त्याने ती मला मिळणार नाही. फक्त ती तुम्हांला गमावून बसेल.

ती जेवते का, तेवढं महिन्यातून एकदा कळवत जा. बाकी काही नको.

भालचंद्र

*

केळशी
२७ मे १९८५

चि. भालचंद्रराव यांस तुळसाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुम्हांला खाटीक म्हटलं ते कागदावरून पुसता येत नाही. माझे आशीर्वाद तुम्हांला नको असतील तर राहू देत, पण मी लिहिणार.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी सांगायचं ठरवलं होतं. तुमच्याकडे एवढं मोठं मन असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि माझ्याकडे ते नाही हेही आता कळलं. पत्र आल्यावरही मी सांगणारच होते. मनात म्हटलं, लेक गेली तर जाऊ दे, पण निर्दोष माणसाचा संसार माझ्यापायी मोडायला नको. देवीला गाऱ्हाणं घालून आले. संध्याकाळी राहीला बोलावून जवळ बसवली. "राही, एक सांगायचंय," एवढं म्हटलं. तिला काय वाटलं कोण जाणे, ती आडवी झाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाली, "तू काही सांगू नको. तूच एक आहेस गो, जिने माझं काही बिघडवलं नाही."

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. ती झोपली. नीट झोपली हो, इथे आल्यापासून प्रथमच. मांडीला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. ती उठल्यावर मी पुन्हा तोंड उघडलं नाही, आणि आता उघडणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. माझी छातीच होत नाही.

तुम्ही विचारलंत, ती जेवते का? जेवते. गालावर थोडं मांस आलंय. परवा खाडीवर तिसऱ्या काढायला गेली, फातिमा बरोबर होती. कालवण स्वतः केलं.

पण ती एकटी घास घेत नाही. ताटावर बसली की तुमचा विषय काढते. यंत्रं, सही, पाळणा, बर्फ, सगळं पहिल्यापासून. "त्या माणसाने माझं सगळं खाल्लं," म्हणते. बोलता बोलता तिला जोर चढतो, आणि जोर चढला की ती जेवते. ज्या दिवशी तुमचं नाव निघालं नाही, त्या दिवशी ताट तसंच राहिलं. मी दोनदा पाहिलं. म्हणून आता ती गप्प बसली तर मीच विचारते, "तिकडे थंडी फार होती का गो?" मग ती सुरू होते. तुम्हांला दूषणं देते आणि माझ्या हातचं जेवते. मी हो ला हो करते आणि भात वाढते.

तुळसाबाई